भाड्याची खोली आणि आडनावाची चौकशी : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात

अस्पृश्यतेच्या इतिहासाचा विचार करताना पाणवठा, मंदिर, शाळा आणि स्मशान ही स्थळे आपल्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहतात. ते स्वाभाविकच आहे. महाडचे चवदार तळे (१९२७) आणि नाशिकचे काळाराम मंदिर (१९३०) येथील लढ्यांनी त्या स्थळांना इतिहासात जागा मिळवून दिली. भाड्याच्या घराचा प्रश्न मात्र या इतिहासात बाजूलाच पडलेला आहे. तळ्यावर सत्याग्रह करता येतो, मंदिराच्या दारी धरणे धरता येते. परंतु ‘खोली कालच दिली हो, दोन दिवस आधी यायला पाहिजे होतं’ असे हसतमुखाने सांगणाऱ्या घरमालकाच्या दारी काय करावयाचे? नकार दिला गेला हेच जेथे सिद्ध होत नाही तेथे लढा उभा राहणे कठीण असते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात घ्यावयाचा आहे. मात्र त्याचा आरंभ बडोद्यापासून करणे क्रमप्राप्त आहे.

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिक्षण घेऊन परतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार संस्थानच्या सेवेत रुजू होण्यासाठी १९१७ साली बडोद्यास गेले. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न नोकरीचा नव्हता, उतरावयाचे कोठे हा होता. हिंदूंच्या खाणावळीत जात लपविल्याशिवाय प्रवेश नव्हता. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, रोज दीड रुपया देऊन, नोंदवहीत पारशी नाव लिहून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी हातांत काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून वर आले. धर्मशाळा बाटविल्याबद्दल जाब विचारण्यात आला आणि संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करण्याचे फर्मान सुटले. मग बाबासाहेब दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता. त्याने सांगितले की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती होता. त्याने सांगितले की पत्नी उद्या यावयाची आहे, तिला विचारावे लागेल. पुढचे काही तास कामाठी बागेत काढून रात्री नऊच्या गाडीने बाबासाहेब मुंबईस परतले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मनिवेदनात हा प्रसंग सविस्तर आलेला आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले.

हा प्रसंग आपल्याकडे वारंवार सांगितला जातो, आणि तो सांगताना भर काठ्यांवर असतो. माझ्या मते इतिहासाच्या अभ्यासकाने काठ्यांपेक्षा त्या दोन मित्रांकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. दोघांपैकी एकानेही ‘मी अस्पृश्यता मानतो’ असे म्हटले नाही. एकाने कारण नोकरांवर टाकले, दुसऱ्याने पत्नीवर. आज नकार देणारा घरमालकही हेच करतो. ‘आमचं काही नाही हो, पण आई जुन्या वळणाची आहे’, ‘वरच्या मजल्यावरच्यांना चालणार नाही’, ‘गल्लीतले लोक बोलतात’. धर्मशाळेतील काठ्या काळाच्या ओघात गेल्या. मित्रांची ती भाषा मात्र शंभर वर्षांनंतरही जशीच्या तशी ऐकू येते.

येथे एका योगायोगाचा उल्लेख करावासा वाटतो. त्याच १९१७ सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिल शहराचा एक कायदा रद्द ठरविला. गोऱ्यांची वस्ती असलेल्या भागात काळ्यांनी व काळ्यांच्या भागात गोऱ्यांनी राहावयास जाऊ नये, असा तो कायदा होता. शासनाने वस्तीची सीमा आखू नये, एवढे त्या निकालाने ठरले. खाजगी मालकाने कोणाला नाकारावे यावर त्याचा परिणाम झाला नाही. त्यासाठी काळ्या अमेरिकनांना १९६८ पर्यंत थांबावे लागले. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिलला झाली आणि घरांच्या विक्रीत व भाड्यात वंशभेदास बंदी घालणाऱ्या कायद्यावर ११ एप्रिलला स्वाक्षरी झाली. शासनाची भिंत आणि घरमालकाची भिंत या दोन वेगळ्या भिंती आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

आता भंडाऱ्याकडे वळू. हा जुन्या मध्यप्रांतातील मालगुजारीचा मुलूख. शेतीप्रमाणेच गावाची आबादी, म्हणजे वसतीची जागा, हीदेखील मालगुजाराच्या मालकीची मानली जाई. ज्याच्याकडे शेतीचे कूळपण होते त्याला घराच्या जागेचा काही आधार असे. ज्याच्याकडे शेती नव्हती त्या मजुराचे, कोष्टकाम करणाऱ्या महाराचे खोपट मर्जीवर उभे असे. कोठे उभे राहावयाचे हेही ठरलेले होते. मालकी हक्क नाहीसे करण्याचा कायदा १९५० साली झाला व ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. आबादीतील घर ज्याच्या ताब्यात होते त्याच्याकडेच ते राहील, अशी तरतूद त्या कायद्यात होती. गोरगरिबांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती. परंतु त्यामुळे एक परिणाम असाही झाला की मालक बदलला आणि नकाशा तोच राहिला. जो मोहल्ला गावाबाहेर होता तो गावाबाहेरच कायम झाला. फक्त आता तो कायद्याने कायम झाला.

गावात भाड्याचे घर फारसे कोणी शोधत नसे. ते शोधण्याची वेळ आली ती शिकलेल्या पिढीवर. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या दोन दशकांत आपल्या समाजातून प्राथमिक शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, टपाल कर्मचारी मोठ्या संख्येने तयार झाले. नेमणूक परगावी होई आणि मुख्यालयी राहण्याची सक्ती असे. शाळेत ज्याला ‘गुरुजी’ म्हणत, त्याला त्याच गावात खोली मिळत नसे. मग तो गावाबाहेरील बौद्ध मोहल्ल्यात कोणाच्या तरी पडवीत राही किंवा रोज सायकलने येजा करी. अशा आठवणी त्या पिढीकडून आजही ऐकावयास मिळतात. भाड्याच्या घरातील भेदभाव हा प्रगती केलेल्या माणसाच्या वाट्याला येणारा भेदभाव आहे, ही गोष्ट आपण नीट ध्यानात घेतलेली नाही. जो गावीच राहिला त्याला हा नकार कधी ऐकावा लागला नाही.

मग या पिढीला छप्पर दिले कोणी? इतिहास पाहता उत्तर एकच दिसते : जेथे घराचा मालक एखादी व्यक्ती नव्हती तेथे दार उघडले. खुद्द बाबासाहेब मुंबईत १९१२ पासून सुमारे दोन तपे परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथील बीडीडी चाळींच्या २०७ इमारती १९२० च्या दशकात सरकारने बांधल्या. मुंबईतील दलित चळवळीचा केवढा मोठा भाग या चाळींतून वाढला हे सर्वश्रुत आहे. नागपुरास शिकावयास गेलेल्या भंडाऱ्याच्या मुलांना चोखामेळा वसतिगृहाचा आधार होता. आमच्या जिल्ह्यात जवाहरनगरची आयुध निर्माणी १९६० च्या दशकात आली आणि तिच्याबरोबर कामगारांची वसाहतही आली. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज खाणींच्या वसाहती आहेतच. निर्माणीतील क्वार्टर वेतनश्रेणी व सेवाज्येष्ठता पाहून मिळे. तेथे शेजार निवडण्याची मुभा कोणालाच नव्हती, आणि नेमक्या याच कारणाने तेथे निरनिराळ्या जातींची कुटुंबे एका भिंतीला लागून राहिली. ती एकमेकांवर प्रेम करू लागली असे म्हणण्याचे कारण नाही. पण नळावर, जिन्यावर आणि बालवाडीत त्यांची गाठ पडे.

याहून विस्मरणात गेलेली एक तरतूद आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९४९ साली घरे भाड्याने देण्यासंबंधी व भाडे नियंत्रणासंबंधी एक आदेश निघाला. घर रिकामे झाले की मालकाने जिल्हाधिकाऱ्यास कळवावयाचे, आणि जिल्हाधिकारी ते घर सरकारी नोकरास, विस्थापितास वा बेघर झालेल्यास नेमून देऊ शके. हेतू टंचाई निवारणाचा होता, जातीचा नव्हे. तरीही मालक आणि भाडेकरू यांच्यामध्ये प्रथमच एक सरकारी कागद आला, आणि त्या कागदावर आडनाव कोणतेही असले तरी मालकाला ते स्वीकारणे भाग होते. प्रत्यक्षात या सत्तेचा वापर किती जणांच्या बाबतीत झाला हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. जिल्हा कचेऱ्यांतील जुनी दप्तरे नष्ट होण्यापूर्वी एखाद्या विद्यार्थ्याने तो हाती घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि विदर्भातील तो जुना आदेश इतिहासजमा झाला. नव्या कायद्यात भाडे, दुरुस्ती, ताबा यांविषयी पुष्कळ आहे. जात पाहून घर नाकारण्याविषयी काहीही नाही.

निवासस्थान नेमून देणारा असा त्रयस्थ अधिकारी ही कल्पना बौद्ध वाङ्मयाच्या वाचकास नवी नाही. चुल्लवग्गातील सेनासनक्खंधकाचा विषयच मुळी निवास हा आहे. तथागत संघासह श्रावस्तीकडे जात असताना छब्बग्गिय भिक्खूंच्या शिष्यांनी पुढे धावत जाऊन सर्व निवास अडविले आणि सारिपुत्तांना ती रात्र एका झाडाखाली काढावी लागली. पहाटे तथागत उठून खाकरले, तेव्हा झाडाखालून सारिपुत्तही खाकरले. संघ एकत्र करून तथागतांनी विचारले की उत्तम आसन, उत्तम पाणी, उत्तम भिक्षा यांस पात्र कोण? काही भिक्खूंनी उत्तर दिले, जो क्षत्रिय कुळातून प्रव्रजित झाला तो. काहींनी सांगितले, जो ब्राह्मण कुळातून आला तो. संघात येऊनही या भिक्खूंच्या मनातून कुळ गेलेले नव्हते, हे विनयकाराने लपविलेले नाही, हे विशेष. तथागतांनी ती उत्तरे नाकारली, तित्तिर पक्षी, माकड व हत्ती यांची कथा सांगितली आणि मान ज्येष्ठतेप्रमाणे मिळावा असा नियम घातला. पुढे निवासाच्या वाटपासाठी ‘सेनासनपञ्ञापक’ नेमण्याची पद्धत आली. दब्ब मल्लपुत्त हा त्यांतील प्रसिद्ध. सुत्ते म्हणणाऱ्यांना तो एकत्र जागा देई, विनयधरांना एकत्र. सोबत पाहावयाची ती अभ्यासाची, कुळाची नव्हे. ज्या जिल्ह्यात पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात मौर्य-शुंगकालीन परंपरेचा भव्य स्तूप उजेडात आला, त्या जिल्ह्यातील वाचकाला ही कथा परकी वाटू नये.

आता कायद्याचा विचार करू. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) ने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले ही सर्वांना खुली केली. बडोद्याच्या धर्मशाळेचे दार या अनुच्छेदाने उघडले असे म्हणावयास हरकत नाही. पण त्या दोन मित्रांच्या घरांचे दार त्यात येत नाही, आणि भाड्याच्या खोलीचेही स्पष्टपणे येत नाही. १९५४ हे वर्ष या दृष्टीने भंडाऱ्याशी निगडित आहे. त्या वर्षी लोकसभेच्या भंडारा येथील पोटनिवडणुकीत बाबासाहेब राखीव जागेसाठी उभे होते आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. त्याच वर्षी अस्पृश्यता अपराध विधेयक संसदेपुढे होते. राज्यसभेत बोलताना बाबासाहेबांनी त्या विधेयकावर कठोर टीका केली. त्याच्या नावात नागरी हक्कांच्या संरक्षणाचा उल्लेख असावा असे सुचविले आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध त्यात काही नाही हे दाखवून दिले. नाव बदलावयास १९७६ साल उजाडले.

या १९५५ च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये एक वाक्यांश आहे, ज्याकडे आपल्या कार्यकर्त्यांचे फारसे लक्ष गेलेले नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत निवासी जागा बांधणे, मिळविणे वा तिच्यात राहणे यांबाबत कोणावर निर्बंध लादणे हा तेथे अपराध ठरविला आहे. हे शब्द भाड्याच्या खोलीला व्यापण्याइतके रुंद आहेत असे माझे मत आहे. त्याहून महत्त्वाचे कलम १२. अपराध अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडला असेल तर तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडला, असे न्यायालय गृहीत धरील. तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. घरमालकाच्या मनातील कारण शोधण्याची अडचण कायदेकर्त्यांनी ओळखली होती, असे यावरून दिसते.

परंतु येथेच इतिहासाने एक चकवा दिला. १९५६ नंतर ज्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला ते केंद्रीय कायद्याच्या दृष्टीने अनुसूचित जातीचे राहिले नाहीत. राज्य शासनाने सवलती दिल्या, पण कलम १२ मधील गृहीतक केंद्रीय व्याख्येवर आधारलेले होते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींत समाविष्ट केले तोपर्यंत चौतीस वर्षे लोटली होती. म्हणजे ज्या काळात आपले शिक्षक व कारकून पहिल्यांदा परगावी खोल्या शोधत होते, नेमक्या त्याच काळात पुराव्याचा भार त्यांच्याच शिरावर होता. घरमालकाने मात्र त्यांना एक दिवसही ‘केवळ बौद्ध’ मानले नाही.

तो कसे ओळखतो, हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे. प्रथम आडनाव. रामटेके, गजभिये, खोब्रागडे, वासनिक म्हटले की चौकशी तेथेच थांबते. मेश्राम म्हटले तर ती लांबते, कारण मेश्राम गोंडांतही आहेत. मग ‘कोणते मेश्राम?’, मग गाव, मग ‘गावात घर कोणत्या अंगाला?’. एवढ्याने भागले नाही तर भिंतीवर कोणती तसबीर लावणार याचा अंदाज घेतला जातो. अखेरचा प्रश्न मांसाहाराचा. हा प्रश्न भंडाऱ्यात विचारला जावा याचे नवल वाटते. हा तलावांचा जिल्हा. येथे तलावाच्या पाळीवर ढिवरांकडून मासळी घेण्यासाठी कोणकोणत्या आळीतील लोक येतात ते सर्वांना ठाऊक आहे. मासळीचा वास नको असता तर हा प्रश्न सर्वांना विचारला गेला असता.

अशा नकाराचे मोजमाप होऊ शकते हे अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. दिल्ली व भोवतालच्या शहरांतील त्यांचा अभ्यास २०१५ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. शिक्षण, नोकरी, ऐपत सारखी. फरक केवळ नावाचा, अशी माणसे एकाच प्रकारच्या जाहिरातींना उत्तर देत. दूरध्वनीवर सवर्ण नावाला एकही नकार मिळाला नाही. दलित नावाला शंभरात १८ आणि मुस्लिम नावाला ३१ नकार मिळाले. प्रत्यक्ष भेटीत दलितांना मिळालेल्या नकारांचे प्रमाण ४४ वर गेले, मुस्लिमांचे ६१ वर. ज्यांना होकार मिळाला त्यांतील अनेकांपुढे जादा भाडे वा जादा अटी ठेवण्यात आल्या. आपल्या समाजाचे दुःख मांडताना मुस्लिम भाडेकरूचा आकडा वगळून चालणार नाही. तो आपल्याहून वाईट आहे.

न्यायालयांचा कलही पाहावा. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली निर्णय दिला की सदस्यत्व केवळ पारशांपुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध आहे; मूलभूत हक्क राज्यसंस्थेविरुद्ध आहेत आणि सहकारी संस्था म्हणजे राज्यसंस्था नव्हे. एका अल्पसंख्य समाजाने आपली वस्ती जपावी यात काही गैर नाही, असा युक्तिवाद करता येईल. पण बहुसंख्यांनी तोच उपविधी लिहिला तर काय, हा प्रश्न त्या निकालाने मोकळा सोडला आहे. बडोद्याची आठवण असलेल्या वाचकास त्या निकालातील पक्षकारांची नावे वाचून थोडे थांबावे लागते.

या जिल्ह्याविषयी लिहिताना खैरलांजी टाळता येत नाही, जरी ते प्रकरण भाड्याचे नव्हे. मोहाडी तालुक्यातील त्या गावी भोतमांगे कुटुंबाची स्वतःची शेती होती आणि घर मात्र झोपडीवजा कच्चे. २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा, प्रियंका, रोशन व सुधीर यांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले. अत्याचार प्रतिबंधक कायदा मात्र लागू झाला नाही. वाचलेले भैयालाल त्या गावी पुन्हा राहावयास गेले नाहीत. २०१७ च्या जानेवारीत ते वारले. ज्याला स्वतःच्या जमिनीवर नीट घर करून राहू दिले गेले नाही त्याची हकीकत आणि ज्याला भाड्याची खोली मिळत नाही त्याची हकीकत यांत तीव्रतेचा फार मोठा फरक आहे. या दोन गोष्टी एका पारड्यात तोलणे हा मृतांचा अवमान होईल. तथापि ‘येथे कोणी राहावयाचे हे आम्ही ठरविणार’ ही समजूत दोन्हीकडे आहे.

अलीकडच्या काळात शासकीय निवासाचा आधार क्षीण होत चालला आहे. निर्माणीतून निवृत्त झालेल्यास क्वार्टर सोडावे लागते, आणि मग तो ज्या ले-आउटमध्ये भूखंड घेतो तेथे बहुधा आपलेच लोक असतात. नव्या नगरांना नवी नावे मिळतात आणि जुना नकाशा शहरात उतरतो. विद्यार्थ्यांची स्थिती याहून विचारात घेण्यासारखी आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना सुरू झाली; आरंभी नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६०,००० व जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये अशी रक्कम ठरली होती. रक्कम मिळते ही चांगलीच गोष्ट. पण वसतिगृहाच्या खोलीऐवजी खोलीचे पैसे देणे म्हणजे त्या मुलास, विशेषतः मुलीस, आडनावाची चौकशी करणाऱ्या दारासमोर उभे करणे होय. योजनेच्या अर्जात भाडेकरार जोडण्यास सांगितले जाते. करार कोणी करून दिला नाही तर काय करावयाचे, यासाठी अर्जात रकाना नाही. करार झाला तरी तो अकरा महिन्यांचा. नूतनीकरण नाकारण्यास कारण द्यावे लागत नाही.

अमेरिकेत या प्रकारचा पुरावा गोळा करणाऱ्या माणसांना, म्हणजे खोली घेण्याचा हेतू नसताना केवळ परीक्षेसाठी विचारणा करणाऱ्यांनाही, फिर्याद करण्याचा अधिकार आहे असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली मान्य केले. सिएटल नगर परिषदेने तर २०२३ साली आपल्या भेदभावविरोधी नियमांत ‘जात’ हा शब्द घातला आणि त्यांत निवासाचाही समावेश आहे. आपल्याकडे कलम ४ आणि कलम १२ एकत्र वाचून असा एखादा खटला उभा करावयाचा झाल्यास त्यास थोरातांच्या पद्धतीचा पुरावा लागेल : एकच घर, एकच दिवस, सारखीच ऐपत, दोन आडनावे आणि दोन्ही संभाषणांची जागच्या जागी केलेली नोंद. भंडारा, तुमसर, साकोली येथील महाविद्यालयांत समाजशास्त्र शिकणारी मुले आहेत, जिल्हा न्यायालयात आपले वकील आहेत, आणि जून महिना आला की ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या गल्लोगल्ली लागतात.